३२ जीबीतलं बिऱ्हाड

खोक्यावर ३२ जीबी छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या. संगणकाच्या मापाने तेच ३२ जीबी तिसाच्या आत येतात. मग अँड्रॉइड त्यातला काही जीबींचा भाग स्वतःसाठी कुलूपबंद करून ठेवतो. उरलेल्यात कंपनीने आधीच भरून दिलेल्या अ‍ॅप्सचे अपडेट, मग बँक, मग आधार, मग रेल्वेचं तिकीट, आणि सगळ्यांत शेवटी नातेवाइकांच्या ग्रुपवरची फुलं, सूर्योदय नि शुभ सकाळ. या सगळ्यांतून जी जागा वाचली तिच्यात मला डेबियन नावाचं लिनक्स बसवायचं होतं. नुसत्या काळ्या पडद्यावरचं नव्हे. खिडक्या, मेनू, फाइल मॅनेजर आणि माउसचा बाण असलेलं, टेबलावरच्या संगणकात असतं तसं, पुरतं.

असा उद्योग करणाऱ्याला घरचे विचारतात, "उपयोग काय?" लॅपटॉप म्हातारा झाला होता, नवा घ्यायची निकड नव्हती आणि एक ब्लूटूथ कीबोर्ड घरात पडून होता, ही झाली सांगण्यासारखी कारणं. आतलं कारण वेगळं होतं. खिशातल्या ज्या यंत्राशी माझा दिवसभर व्यवहार चालतो, त्याच्या आत माझी सत्ता कुठवर चालते, हे मला एकदा पाहायचं होतं. जागा कमी होती म्हणून ते नीट दिसलं. भरपूर असती तर मी सगळं भरून मोकळा झालो असतो.

गंमत अशी की लिनक्स या फोनात पहिल्यापासून असतंच. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर खाली खाली गेलं की कर्नलचा, म्हणजे त्याच्या गाभ्याचा, क्रमांक दिसतो. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, हेलसिंकीत विद्यार्थी असताना जे कर्नल लिहायला घेतलं, त्याचाच हा वंशज. पण गाभा तो असला तरी गाभ्याच्या वरचं सगळं वेगळं आहे. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामध्ये सी भाषेची एक लायब्ररी बसलेली असते. कुठलाही प्रोग्रॅम कर्नलकडे जे काही मागतो ते बहुधा तिच्यामार्फत. डेबियनमध्ये ती जीलिबसी, अँड्रॉइडमध्ये गूगलने घातलेली बायोनिक. एकीवर बांधलेला प्रोग्रॅम दुसरीवर जसाच्या तसा उभा राहत नाही. शिवाय अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता मानतो, म्हणून या अ‍ॅपला त्या अ‍ॅपच्या फायली दिसत नाहीत. तेव्हा मला फोनात आणायचं होतं ते लिनक्स नव्हतंच. आणायचा होता तो लिनक्सच्या भोवती तीस-पस्तीस वर्षांत जमलेला सगळा गोतावळा: शेल, लायब्रऱ्या, हजारो लहानमोठे प्रोग्रॅम, आणि इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनने या पसाऱ्याला लावलेली शिस्त.

हे सगळं फोन रूट न करता, म्हणजे त्याचे सर्वाधिकार हाती न घेता करायचं, तर टर्मक्स नावाचं अ‍ॅप लागतं. ते अँड्रॉइडवर टर्मिनल उघडून देतं. त्याच्या आत प्रूट नावाचा प्रोग्रॅम चालतो आणि प्रूटच्या आत डेबियन. मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था चटकन कळेल. अँड्रॉइड हा घरमालक. टर्मक्स हा त्याचा रीतसर भाडेकरू, एका खोलीचा. त्या खोलीत टर्मक्सने डेबियनला पोटभाडेकरू म्हणून ठेवलेलं आहे. मालकाच्या वहीत त्याचं नाव नाही, वीज-पाणी टर्मक्सच्या नावावर, आणि पोटभाडेकरू मात्र पाहुण्यांना सांगतो की अख्खा वाडा आपलाच.

हा वाडा आपला असल्याचा देखावा प्रूट कसा उभा करतो, ते पाहण्यासारखं आहे. कर्नलमध्ये पीट्रेस नावाची सोय असते. ती मुळात प्रोग्रॅममधले दोष शोधणाऱ्यांसाठी. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची प्रत्येक हालचाल थांबवून पाहता येते. प्रूटने तिचा उपयोग वेगळ्याच कामाला केला. डेबियनमधला एखादा प्रोग्रॅम कर्नलकडे ईटीसी फोल्डरमधली फाइल मागायला निघाला, की प्रूट त्याला वाटेत अडवतो, पत्ता खोडतो, टर्मक्सच्या खोलीतल्या कोपऱ्याचा पत्ता घालतो आणि पुढे सोडतो. उत्तर परत येताना पुन्हा हीच उलटी कारागिरी. अँड्रॉइड अ‍ॅपना हार्ड लिंक करू देत नाही आणि डेबियनच्या पॅकेज-यंत्रणेला ती लागते. तिथे प्रूट गुपचूप दुसऱ्या जातीची लिंक करून देतो. "मी कोण?" असं डेबियनला विचारलं तर उत्तर येतं, रूट. सर्वाधिकारी. प्रत्यक्षात अधिकार एका साध्या अ‍ॅपइतकेच. फोनचं घड्याळ बदलायला सांगा, की हा सर्वाधिकारी हात वर करतो. या सगळ्या अडवाअडवीत वेळ जातो, आणि शेकडो बारक्या फायली असलेलं पॅकेज उलगडताना तो जाणवतोही. चहा टाकून यावा इतका.

ही खटपट करणारे आम्ही पहिले नव्हे. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला जी-वन, २००८ मध्ये बाजारात आला. आत साठवण २५६ एमबी. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत एक अजब दोष राहून गेला होता: कीबोर्डवर जे टाइप कराल ते मागे एका लपलेल्या रूट शेललाही पोचायचं. कुणाला निरोप लिहिताना 'रीबूट' हा शब्द टाइप करून एंटर दाबलं, तर फोन खरोखर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. गूगलने तो दोष लगेच बुजवला. पण त्याच सुमाराला जे फ्रीमन, ज्यांना लोक सौरिक या नावाने ओळखतात, त्यांनी जी-वनवर अँड्रॉइडच्या शेजारी डेबियन बसवून दाखवलं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून मेमरी कार्ड वापरलं. पण कार्डावर फॅट ही जुनी फाइल-व्यवस्था. तिला फाइलचा मालक कोण, परवानगी कोणाला, यातलं काही कळत नाही. मग कार्डावर एकच मोठी फाइल केली आणि त्या फाइलच्या पोटात युनिक्स पद्धतीची आख्खी डिस्क मांडली.

दुसऱ्या वर्षी नोकियाचा एन-९०० आला. त्याचं माएमो डेबियनच्याच घराण्यातलं. एपीटी, डीपीकेजी ही डेबियनची पॅकेज बसवायची साधनं, सगळं आत. साठवण चक्क ३२ जीबी, म्हणजे माझ्या आजच्या फोनाइतकी. तरीही लोक जागा नाही म्हणून रडत. कारण मुख्य प्रणाली ज्या वेगळ्या चिपवर होती ती २५६ एमबीची, आणि पॅकेजांना सवय तिथेच जाऊन बसायची. मग पॅकेज बांधणाऱ्यांनी नियम घालून घेतला: जड सामान ऑप्ट या फोल्डरात, जो मोठ्या साठवणीवर होता, आणि जुन्या जागी त्याची फक्त लिंक. त्याच फोनात ईझी डेबियन नावाची व्यवस्था लोकांनी चालवली. एका इमेज फाइलमध्ये डेबियन, एलएक्सडीई डेस्कटॉप आणि चक्क ओपनऑफिस. रॅम २५६ एमबी. ज्यांनी ते वापरलं त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

याच्या उलट टोकाला उबुंटू एज. २०१३ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने जाहीर केलं की १२८ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम असलेला फोन काढू. खिशात असताना तो फोन आणि मॉनिटरला जोडला की पुरता उबुंटू संगणक. लोकवर्गणीचं लक्ष्य ३ कोटी २० लाख डॉलर. जमले सुमारे १ कोटी २८ लाख. तेव्हाच्या मानाने तो विक्रम होता, पण लक्ष्य गाठलं नाही, पैसे परत गेले आणि फोन झालाच नाही. टंचाई विपुलतेने मिटवायचा तो प्रयत्न होता. माझ्यासारख्यांना तो रस्ता बंदच आहे. आम्हाला उरतो काटछाटीचा.

तर काटछाट. डेबियनचं मूळ बिऱ्हाड लहान असतं. फुगतं ते नंतर. एक्सएफसीई डेस्कटॉप मागितला, की एपीटी आधी हिशेब मांडतो: इतकी नवी पॅकेजं, इतकं उतरवावं लागेल आणि इतकी जागा जाईल, चालेल का? हा प्रश्न मला फार सभ्य वाटतो. फोनच्या अ‍ॅप-दुकानात कुणी असं विचारत नाही. बटण दाबलं की अ‍ॅप येतं आणि मग महिनोन्‌महिने आत आत वाढत राहतं. एपीटीच्या यादीत काही पॅकेजं अत्यावश्यक असतात, काही नुसती शिफारस म्हणून येतात. शिफारशी नकोत असं एक कलम लावलं, की आकडा झटकन उतरतो. प्रिंटरची सेवा गेली. पडदा झोपल्यावर चालणाऱ्या चित्रांचा खेळ गेला. पॅकेज बसवून झाल्यावर उतरवलेली मूळ गाठोडी कॅशमध्ये पडून राहतात. ती एका कमांडने गेली. माहितीपत्रकांचा फोल्डर गेला. मॅन पेजं, म्हणजे कमांडांची मदतपानं, काढताना मात्र हात अडखळला, कारण नेट नसताना तीच गुरुजी असतात. ती ठेवली.

मग भाषा. प्रत्येक प्रोग्रॅम आपले मेनू नि संदेश जगातल्या कित्येक भाषांत बरोबर घेऊन येतो, आणि हे सगळे अनुवाद लोकेल नावाच्या फोल्डरात भाषावार मांडलेले असतात. कोणत्या ठेवायच्या ते विचारणारं एक पॅकेज आहे. यादीवर खुणा करायच्या, बाकीच्या जातात. जर्मन, फ्रेंच, जपानी, सगळ्यांना मी एका फटक्यात निरोप दिला. इंग्रजी ठेवली. मराठीपाशी थांबून आत डोकावून पाहिलं. काही प्रोग्रॅमांची मराठी फाइल होती, काहींची नव्हतीच. जिथे होती तिथे तिने व्यापलेली जागा एका फोटोपेक्षाही कमी. तेवढ्यात कुणीतरी, बहुधा पगाराविना, 'सेव्ह'ला काय म्हणावं याचा विचार करून ठेवला होता. ३२ जीबीच्या फोनात मराठीचं ओझं किती, याचं उत्तर मला असं केबीत मिळालं. ती फाइल काढून काही वाचणार नव्हतं, आणि वाचलं असतं तरी काढली नसती.

पण अनुवाद असून भागत नाही, अक्षर दिसावं लागतं. डेबियनच्या उघड्या बिऱ्हाडात देवनागरीचा फॉन्टच नसतो. मराठी फाइल उघडली, तर ओळीने रिकामे चौकोन. उपाय दोन. एक, लोहित देवनागरीचं पॅकेज बसवा. हा फॉन्ट मुळात पुण्याचा. श्रीलिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने तो घडवला आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली जगाला खुला केला. एके काळी लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते. लिपी एकच, तर फॉन्टही एक करू म्हणून ते पुढे लोहित देवनागरीत मिसळले, आणि भाषा मराठी आहे असं सांगितलं तर ल आणि श मराठी वळणाचे दिसावेत, ही सोय फॉन्टच्या पोटातच ठेवली गेली.

दुसरा उपाय मला अधिक आवडला. अँड्रॉइडकडे देवनागरीचा फॉन्ट आहेच, नाहीतर फोनवर मराठी दिसली नसती. तो फोनच्या सिस्टिम फोल्डरात असतो आणि वाचायला सगळ्यांना मुभा असते. प्रोग्रॅम उसने घेता येत नाहीत, कारण लायब्रऱ्या जुळत नाहीत. पण फॉन्ट हा नुसता डेटा, त्याला कुणाचीही लायब्ररी चालते. डेबियनच्या फॉन्टच्या फोल्डरातून तिकडे एक लिंक टाकली. एक केबीही खर्च न होता चौकोनांची अक्षरं झाली. पोटभाडेकरूने मालकाच्या देवळीतली पणती आपल्या खोलीत प्रकाश पाडेल अशी सरकवावी, तसा प्रकार.

या काटछाटीत मला डॅम स्मॉल लिनक्सची फार आठवण यायची. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीत मावायचं म्हणून जॉन अँड्र्यूज यांनी ५० एमबीची मर्यादा घालून घेतली होती आणि तेवढ्यात ग्राफिकल डेस्कटॉप, ब्राउझर, सगळं बसवलं होतं. नवं काही आत घ्यायचं तर जुनं काहीतरी बाहेर. मधे बरीच वर्षं खंड पडला आणि २०२४ मध्ये ते नवी आवृत्ती घेऊन परतले, तेव्हा मर्यादा होती एका सीडीची, ७०० एमबी. चौदा पट. त्यांची शिस्त ढळली असं मला वाटत नाही. मधल्या काळात वेबची पानं बदलली. माझ्याही हिशेबात सगळ्यांत जड वस्तू ब्राउझरच निघाली. बाकीचं अख्खं बिऱ्हाड एकीकडे आणि फायरफॉक्स व त्याची कॅश एकीकडे. शेवटी मी डेबियनमधून ब्राउझर काढला. फोनमध्ये एक आहेच की.

आता डेस्कटॉप तयार होता, पण दिसणार कुठे? फोनच्या पडद्यावर अँड्रॉइडचा ताबा. त्यासाठी व्हीएनसी वापरतात. केंब्रिजमधल्या ऑलिवेटी आणि ओरॅकल यांच्या संशोधनशाळेत ते जन्मलं, ते या खोलीत बसून त्या खोलीतला संगणक चालवता यावा म्हणून. माझ्या फोनात दोन्ही खोल्या एकच. डेबियन एका काल्पनिक पडद्यावर डेस्कटॉप रंगवतं आणि ५९०१ क्रमांकाच्या दारावर ठेवतं. व्हीएनसीचं अ‍ॅप त्याच फोनातून, नेटवर्कची सगळी शिष्टाई पाळत, ते दार ठोठावतं आणि चित्र आणून मला दाखवतं. फोन स्वतःलाच फोन लावतो आणि स्वतःच उचलतो. मुळात एक्स ही खिडक्यांची व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत निघाली ती पडदा एकीकडे आणि प्रोग्रॅम दुसरीकडे असं धरूनच, त्यामुळे तिला यात काही वावगं वाटत नाही.

वावगं वाटतं ते बोटाला. एक्सएफसीईचं खिडकी बंद करण्याचं बटण माउसच्या टोकासाठी आखलेलं. माझ्या अंगठ्याखाली ते आणि त्याचे दोन शेजारी एकदम झाकले जातात. अक्षरं दुप्पट केली तर मेनू पडद्याबाहेर जातो. कीबोर्ड आणि माउस जोडला, फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, की मात्र जमतं. आणि पहिल्यांदा तो मेनू उघडतो, आत 'ॲक्सेसरीज', 'सेटिंग्ज', 'सिस्टिम' ओळीने दिसतात, तेव्हा तळहाताएवढ्या काचेत तो जुना, ओळखीचा, करड्या रंगाचा टापटीपपणा पाहून मला उगाच बरं वाटलं.

माझी भाची पॉलिटेक्निकला आहे. तिच्याकडे संगणक नाही, फोन आहे, आणि त्यात माझ्याहून कमी जागा. तिने हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "मामा, एवढं कशाला? मला नुसतं जीसीसी पाहिजे."

"अगं, पण डेस्कटॉप..."

"डेस्कटॉप कॉलेजात आहे. तो घेऊन काय करू? प्रोग्रॅम लिहायचा, कंपाइल करायचा, चालवायचा. झालं."

तिला डेबियनसुद्धा नको होतं. तिच्या फोनात आम्ही अल्पाइन बसवलं, ज्याचं मूळ गाठोडं सुमारे ३ एमबीचं असतं. त्यावर जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर आणि एक एडिटर. बाण नाही, खिडक्या नाहीत. तिचं सी भाषेचं जर्नल त्या काळ्या चौकटीत पुरं होतं. तिच्या दृष्टीने तो पूर्ण संगणक आहे, आणि माझा डेस्कटॉप म्हणजे मामाचा जुन्या दिवसांचा शौक. मला तिचं म्हणणं बरंचसं पटलं. टेबल, कचऱ्याची टोपली, फोल्डर ही चित्रं कार्यालयात काम करणाऱ्या माणसांसाठी काढलेली होती. ज्या पिढीने फोनच आधी पाहिला, तिला त्या चित्रांची ओढ का असावी?

पटलं तरी मी डेस्कटॉप काढला नाही, आणि त्याचं कारण शौक नव्हतं. कारण मराठी होतं. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. एका अक्षराला एक घर. ऐंशी घरांची ओळ ही तर छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या काळापासूनची वहिवाट. इंग्रजी त्यात मजेत बसते, सी भाषाही बसते. देवनागरी बसत नाही. आपला ऱ्हस्व इकार उच्चारात मागून येतो आणि लिहिताना पुढे जाऊन उभा राहतो. 'क्ष' तीन चिन्हांतून एक होतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हे जुळवायला अक्षरं घडवणारं यंत्र लागतं, हार्फबझसारखं, आणि घरांची मर्यादा नसलेला पडदा लागतो. बहुतेक टर्मिनलांत मराठी परिच्छेद उघडा, काने-मात्रे आपापल्या घरात रुसून बसलेले दिसतील. त्यामुळे भाचीला जी काळी चौकट पुरते ती मला पुरत नाही, कारण ती सी लिहिते आणि मी मराठी. ज्या खिडक्यांना ती सजावट समजली, त्या माझ्या बाराखडीची किमान गरज आहेत. हार्फबझ अँड्रॉइडमध्येही आहे. तरी डेबियनला आपली वेगळी प्रत आणावी लागते. इतक्या टंचाईत एकाच कामाच्या दोन प्रती. तो खर्च मी आनंदाने सोसला आणि लिबरऑफिस काढून हलका संपादक ठेवला.

म्हणजे तिचं पूर्ण वेगळं, माझं वेगळं. दोघांचं पूर्ण होण्याचं रहस्य मात्र एकच: काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आम्ही ठरवलं. हे मला आधी उमगलं नव्हतं. मी भर घालायला निघालो होतो आणि सगळा वेळ गेला वजाबाकीत; तरी प्रत्येक वजाबाकीनंतर ते यंत्र थोडं जास्त माझं होत गेलं. प्रत्येक काढलेल्या वस्तूचं नाव आणि काम मला कळलं होतं.

आता हीच वजाबाकी फोनवर करून पाहा. कंपनीने भरून दिलेल्या कित्येक अ‍ॅपना 'काढून टाका' हे बटणच नसतं. 'बंद करा' असतं. बंद केलं तरी मूळ प्रत कुलूपबंद भागात तशीच. तो भाग निराळा असल्यामुळे, तिथलं काही नजरेआड केलं तरी माझ्या वाट्याच्या जागेत एका केबीची भर पडत नाही. जे अ‍ॅप मी कधी उघडलं नाही, ते माझ्या पैशाने विकत घेतलेल्या साठवणीत कायमचं ठाण मांडून. उलट एपीटीत बरीच वर्षं एक पद्धत होती: जिच्याविना प्रणाली कोसळेल अशी वस्तू काढायला सांगितली, की तो आधी बजावायचा आणि मग एक आख्खं वाक्य टाइप करायला लावायचा, येस, डू अ‍ॅज आय से! मी सांगतो तसं कर. वाक्य लिहिलंत की तो काढायचा. धोक्याची सूचना पुरेपूर, पण शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. अँड्रॉइड १० नंतर नव्या अ‍ॅपना स्वतःच्या फोल्डरात उतरवलेला प्रोग्रॅम चालवायला मनाई झाली. टर्मक्सचं तर सगळं आयुष्यच तसे प्रोग्रॅम उतरवून चालवण्यात; म्हणून त्याने जुन्या नियमांवरच राहायचं ठरवलं आणि २०२० पासून त्याच्या खऱ्या आवृत्त्या प्ले स्टोअरबाहेर मिळू लागल्या. मनाईमागचं कारण खोटं नाही: भामटी अ‍ॅप्स याच वाटेने बाहेरून घातक प्रोग्रॅम आत आणतात, आणि माझ्या आईच्या फोनात तसं काही येऊ नये असं मलाही वाटतं. अँड्रॉइड १२ ने पुढचं पाऊल टाकलं. अ‍ॅपांनी पोटात जन्माला घातलेल्या प्रक्रिया, सगळ्या मिळून, फार तर ३२. त्यावर गेल्या तर मागच्या मारल्या जातात. बॅटरीसाठी ठीकच. पण डेस्कटॉप म्हणजे अशा लेकुरवाळ्या प्रक्रियांचा संसार. लिहिता लिहिता पडदा विझतो आणि टर्मक्समध्ये एकच ओळ उरते, सिग्नल ९. पुढच्या आवृत्त्यांत डेव्हलपरसाठीच्या सेटिंग्जमध्ये हा नियम सैल करायचं बटण आलं, हेही सांगायला हवं.

मालकाने स्वतः बोलावलेल्या पाहुण्याचीही शाश्वती नसते. सॅमसंगने २०१८ मध्ये आपल्या काही महागड्या फोन-टॅबवर लिनक्स ऑन डेक्स या नावाने उबुंटू १६.०४ चाचणीसाठी दिलं. अँड्रॉइड १० आलं आणि २०१९ मध्ये ते गुंडाळलं गेलं. फोन तोच, जागा तीच, मालक तोच, मर्जी बदलली. २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल फोनांवर टर्मिनल नावाचं अ‍ॅप दिलं, ज्यात डेबियन स्वतःच्या कर्नलसह आभासी यंत्रात चालतं. हा रीतसर करारच म्हणायचा, प्रूटच्या सोंगांची गरज नाही. त्याचा मला आनंद आहे. पण करार कुणी लिहिला आणि मोडायचा अधिकार कुणाला, हे दोन्ही प्रश्न जुन्या जागीच आहेत.

त्यांचं उत्तर देऊ पाहणारे लोक आहेत. २०१७ पासून पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प अल्पाइनच्या पायावर, फोनमधून अँड्रॉइड पूर्ण बाहेर काढून, साधं लिनक्स बसवायच्या मागे आहे. फोन दहा वर्षं चालला पाहिजे, हे त्यांचं मूळ ध्येय. काम कष्टाचं, प्रत्येक फोनचा कॅमेरा, मोडेम, सेन्सर वेगळा आणि त्यांची कागदपत्रं कंपन्यांच्या कपाटात. कित्येक फोनांवर पडदा लागतो पण बोलता येत नाही. माझ्या फोनाला तो रस्ता उघडा नाही. म्हणून माझं डेबियन अजून पोटभाडेकरूच आहे, आणि मी त्याच्यावर मराठी लिहितो.

दुकानात फोन दाखवताना आता मुलगा उत्साहाने सांगतो, अमुक जीबी, तमुक मेगापिक्सेल. मी ऐकून घेतो आणि विचारतो की यातलं मला काढता काय काय येईल. तो चमकतो, कारण हा रकाना त्याच्या पत्रकावर नसतो. तो रकाना असायला हवा, आणि तिथे 'काहीच नाही' असं लिहिलेलं असेल तर ५१२ जीबीचा फोनही मला अपुराच पडेल.